डेस्कटॉप हवा तसा करा, पण क्लिक करून नको, स्क्रिप्टने करा. पटतंय का?

प्रॉम्प्टवाली (धागाकर्ती)
लिनक्सचा डेस्कटॉप मनासारखा करून घेण्याचा विषय निघाला की दरवेळी तीच दोन टोकं, एक गट म्हणतो डिफॉल्ट वापरा आणि कामाला लागा, दुसरा गट आठवड्याला नवी थीम चढवतो. मला दोन्ही पटत नाही. बदल करायचा तर तो लिहून ठेवा असं माझं म्हणणं आहे. एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांड ओळीने लिहिलेली फाइल, तिच्यात जेवढं लिहिलंय तेवढंच आपलं कस्टमायझेशन, सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन आठवेल तसं क्लिक करणं बंद.

का ते सांगते. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या बहुतेक सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या साठ्यात जातात, ती होममधल्या (आपल्या स्वतःच्या फोल्डरातल्या) डॉट-कॉन्फिग फोल्डरात एक बायनरी फाइल असते, एडिटरमध्ये उघडून काही कळत नाही. पण टर्मिनलवर 'डीकॉन्फ वॉच' आणि पुढे एक स्लॅश टाकून एंटर मारा, मग शेजारी सेटिंग्ज उघडून डार्क मोड चालू करा. त्याच क्षणी टर्मिनलमध्ये ओळ उमटते, आधी ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, इंटरफेस असा पाथ, शेवटी कलर-स्कीम ही की, म्हणजे सेटिंगचं नाव, आणि खाली व्हॅल्यू, प्रिफर-डार्क. म्हणजे त्या बटणामागे नेमकं काय बदललं ते डोळ्यांसमोर. हीच की 'जीसेटिंग्ज सेट' या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने स्क्रिप्टमध्ये लिहिली की झालं.

आणि 'डीकॉन्फ डंप' केलंत तर फक्त कधीतरी सेट केलं गेलंय तेवढंच बाहेर येतं, कारण डिफॉल्ट व्हॅल्यू त्या फाइलमध्ये साठवलेल्याच नसतात. एकदा बघाच, आपण कधी काय बदलून ठेवलंय त्यातलं अर्धं आपल्यालाच आठवत नसतं.

कोरीपाटी
ताई, मुद्दा नीट मांडलाय पण माझा विरोध मुळातच आहे. बदलायचंच कशाला? ज्यांनी डेस्कटॉप बनवला त्यांनी फॉन्ट, अंतर, रंग, आयकॉन सगळं एकमेकांना धरून तपासलेलं असतं. २०१९ मध्ये ग्नोमच्या बऱ्याच अ‍ॅप डेव्हलपर्सनी खुलं पत्र लिहून सांगितलं होतं की आमची अ‍ॅप्स थीम करू नका, थीममुळे बटणं तुटतात, अक्षरं पार्श्वभूमीत दिसेनाशी होतात आणि बग रिपोर्ट मात्र आमच्याकडे येतात. नंतर लिबअद्वैता ही ग्नोमची नवी लायब्ररी आली आणि त्यावर बनलेली अ‍ॅप्स जुन्या पद्धतीने लावलेली जीटीके (ग्नोमची बटणं-खिडक्या काढणारी लायब्ररी) थीम ऐकतच नाहीत. तरी लोक होममध्ये जीटीके-४ ची सीएसएस फाइल ठेवून जबरदस्तीने रंग बदलतात.

एक्स्टेंशनची, म्हणजे ग्नोमला वरून जोडायच्या छोट्या कोडची, गत तर त्याहून वाईट. २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं, एक्स्टेंशन लिहिण्याची मॉड्यूल पद्धत बदलली, आणि जुनी एक्स्टेंशन कोड बदलल्याशिवाय चालेनाशी झाली. मी डिफॉल्टवर असतो, अपडेट येतं, रीबूट करतो, काम चालू. ही शांतता मला कुठल्याही थीमपेक्षा जास्त हवी आहे.

प्रॉम्प्टवाली
@कोरीपाटी दादा, त्या पत्राचं अर्धंच सांगितलंत. त्यांचा रोख डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या देणाऱ्यांवर, होता, की तुम्ही स्वतःची थीम डिफॉल्ट म्हणून सगळ्यांच्या माथी मारू नका. स्वतःच्या मशिनवर खटपट करणाऱ्यांना आमची हरकत नाही हे त्यांनी त्यातच लिहिलंय. आणि मी थीमची बाजू घेतच नाहीये. माझ्या स्क्रिप्टमध्ये थीम नाही, फॉन्ट, कर्सर, कीबोर्डचे शॉर्टकट, डॉकमधली अ‍ॅप्स, टचपॅड, वर्कस्पेस एवढंच. अ‍ॅक्सेंट कलर तर ग्नोम ४७ पासून डेव्हलपर्सनीच दिलाय, तीही एक की आहे.

जुनाखोड
माझा आक्षेप वेगळा आहे, कस्टमायझेशनला नाही, स्क्रिप्टला. स्क्रिप्ट सडते हो. ज्यांनी वर्षानुवर्षं एक्स११ या स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर एक्सरँडआर, एक्सडूटूल, डब्ल्यूएमसीटीआरएल, पिकॉम ही सगळी छोटी टूल जोडून घर बसवलं होतं त्यांना तिच्या जागी आलेल्या वेलँडवर काय मिळालं? एक्सडूटूल वेलँडच्या खिडक्यांना हातच लावू शकत नाही, पिकॉमला तिथे जागाच नाही कारण कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर रंगवणारा प्रोग्राम, हाच विंडो मॅनेजर झाला. केडीईत, म्हणजे ग्नोमसारख्या दुसऱ्या प्रकल्पात, प्लाझ्मा या त्यांच्या डेस्कटॉपच्या ५ वरून ६ वर गेलात की सेटिंग लिहिणाऱ्या केराइटकॉन्फिग५ या कमांडच्या जागी केराइटकॉन्फिग६ लिहा.

आता गंमत नाही, नीट विचार करा. ज्याने सेटिंग्जच्या खिडकीतून बदल केले होते त्याच्या कॉन्फिग फाइली अपग्रेड करताना केडीईने स्वतःच जमेल तेवढ्या नव्या रूपात आणल्या, त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी यंत्रणाच आहे. तुमच्या स्क्रिप्टला अशी सोय कोण देणार? ती तशीच जुन्या कमांड मारत राहणार.

आणि केडीईत तर फाइलींचाच घोळ आहे, पॅनेलची मांडणी ज्या फाइलमध्ये असते तिथे प्रत्येक विजेटला नंबर दिलेला असतो, तुमची आवडनिवड आणि त्या मशिनचा हिशोब एकाच फाइलमध्ये. ती गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं टूल) टाकून दुसऱ्या मशिनवर उतरवलीत की पॅनेल भलत्याच स्क्रीनवर.

प्रॉम्प्टवाली
@जुनाखोड काका, एक्स११ ची गोष्ट शंभर टक्के मान्य, पण ते टूल डेस्कटॉपच्या बाहेरून खिडक्या ढकलत होते. जीसेटिंग्जचं तसं नाही, त्यामागे स्कीमा असते, म्हणजे कुठल्या की आहेत आणि त्यांना काय चालतं याची यादी. की काढून टाकली असेल तर 'नो सच की' म्हणून स्पष्ट एरर येतो आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट वजा ई' लिहिलेलं असलं की ती तिथेच थांबते. कुठली ओळ मेली ते कळतं, तेवढी काढायची. क्लिक करून केलेला बदल अपडेटमध्ये गेला तर तो गेलाय हेच कळत नाही.

जुनाखोड
हे जीसेटिंग्जपुरतं खरं. पण वर तुम्ही डीकॉन्फ डंप म्हणालात, आणि लोक काय करतात, डंप घेतात आणि नव्या मशिनवर 'डीकॉन्फ लोड' करतात. लोड काहीच तपासत नाही, स्कीमा बघत नाही, मेलेल्या कीसुद्धा निमूट लिहून टाकतो. खिडक्यांची मापं, शेवटी उघडलेला फोल्डर, न लावलेल्या एक्स्टेंशनच्या सेटिंग्ज, सगळा कचरा त्यातून पुढे जातो.

प्रॉम्प्टवाली
म्हणूनच डंप फक्त वाचायला. त्यातून आपल्याला खरंच हव्या त्या ओळी वेचायच्या आणि जीसेटिंग्जने लिहायच्या. लोडच्या बाबतीत तुमचं माझं एकच मत आहे. केडीईच्या पॅनेलबद्दलही तुम्ही बरोबर आहात, तिथे मी फाइल कॉपी करायला सांगणार नाही, रंगसंगती आणि वॉलपेपरसाठी 'प्लाझ्मा-अप्लाय'ने सुरू होणाऱ्या कमांड आहेत तेवढ्या वापरा.

मंद_उजेड
सगळेजण 'सजावट' समजून बोलताय म्हणून लिहावंसं वाटलं. मला कमी दिसतं. टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर दीडवर, कर्सर-साइज २४ ची ४८, हाय कॉन्ट्रास्ट चालू आणि अ‍ॅनिमेशन बंद, एवढं झाल्याशिवाय मला मशीन वापरताच येत नाही. कोरीपाटी, तुमची डिफॉल्टची शांतता माझ्यासाठी अंधार आहे. आणि जुनाखोड, नवीन मशीन मिळालं की सेटिंग्जची खिडकी उघडून ते बारीक स्लायडर शोधायचे, हेच तर मला जमत नाही. टर्मिनल उघडायचा शॉर्टकट माहीत असतो, अक्षर न दिसताही स्क्रिप्टचं नाव टाईप करता येतं, दोन सेकंदांत सगळं मोठं होतं.

फक्त एक अडचण जाता जात नाही, लॉगिन स्क्रीन. तिथे सगळं पुन्हा बारीक.

कुलूपकिल्ली
@मंद_उजेड, लॉगिन स्क्रीन हा जीडीएम नावाचा वेगळा युजर चालवतो, तुमच्या सेटिंग्ज त्याला माहीतच नसतात. सिस्टमच्या ईटीसी फोल्डरमध्ये डीकॉन्फ, त्यात डीबी, त्यात जीडीएम डॉट डी असा फोल्डर करून एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्याच कीज लिहा आणि रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून 'डीकॉन्फ अपडेट' चालवा. जीडीएमचं प्रोफाइल, म्हणजे कुठून सेटिंग्ज वाचायच्या ते सांगणारी फाइल, नीट आहे का तेवढं आधी बघा.

मूळ मुद्द्यावर माझं मत धागाकर्तीच्या विरोधात आहे, कारण 'स्क्रिप्टने करा' म्हटलं की दहातले नऊ जण स्वतः लिहीत नाहीत, कुठूनतरी उचलतात आणि न वाचता चालवतात. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या स्टोअरवरून घेतलेल्या एका ग्लोबल थीमने एका वापरकर्त्याच्या फाइली पुसून टाकल्या, त्यातला कोड डिलीट करण्याची कमांड भलत्या ठिकाणी चालवून बसला. केडीईला मग जाहीरपणे सांगावं लागलं की स्टोअरवरच्या थीम जपून लावा, त्यात कोड चालू शकतो. थीम म्हणजे फक्त रंग अशी सगळ्यांची समजूत. ग्नोमची एक्स्टेंशनसुद्धा शेलच्या प्रोसेसच्या आतच चालतात, त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलेलं नसतं. दिसण्यासाठी एवढा धोका का घ्यायचा?

रंगारी
मला या धाग्यातला सूर जरा कोरडा वाटतोय. सुंदर दिसावं हे कारण पुरेसं नाही का? दिवसभर ज्या स्क्रीनकडे बघतो ती आपल्याला आवडावी, यात कमीपणा काय आहे. मी हायपरलँड या वेलँडवरच्या कंपोझिटरवर आहे, कॉन्फिग म्हणजे टेक्स्ट फाइलच, सेव्ह केली की लगेच लागू. पायवॉल हे टूल वॉलपेपरमधून सोळा रंग काढतं आणि टर्मिनल, बार, नोटिफिकेशन सगळ्यांना तेच रंग जातात. वॉलपेपर बदलला की सगळं बदलतं. ताई म्हणते तसं मोजकं लिहून ठेवा वगैरे ठीक, पण आधी मनसोक्त खेळल्याशिवाय काय लिहायचं ते कळणार कसं? खेळता खेळताच मी सिमलिंक शिकलो, गिट शिकलो, शेल शिकलो. @कुलूपकिल्ली भाऊ, दुसऱ्याची स्क्रिप्ट वाचायलाही इथेच शिकलो.

बरं एक विचारायचं होतं, घरच्यांच्या मशिनवर ग्नोम आहे, संध्याकाळी आपोआप डार्क व्हावं म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत, जीसेटिंग्जची ओळ टाकली, हाताने चालवली तर चालते, क्रॉनमधून काहीच होत नाही.

प्रॉम्प्टवाली
@रंगारी क्रॉनला तुमच्या सेशनच्या डी-बसचा (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) पत्ता माहीत नसतो, त्यामुळे की लिहिलीच जात नाही. सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा युजर टायमर करा, तो तुमच्या सेशनमध्येच चालतो. दोन छोट्या फाइली, एक सर्व्हिस, एक टायमर, 'सिस्टमसीटीएल'ला 'डॅश डॅश युजर' लावून एनेबल करायचं. की बदलली की पोर्टलमार्फत (डेस्कटॉपच्या सेटिंग्ज कळवणारी सोय) ब्राउझर आणि फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजमधल्या अ‍ॅप्सनाही कळतं.

खेळण्याला माझी ना नाहीच, नवीन युजर अकाउंट उघडून तिथे हवं ते करा, आवडलं ते स्क्रिप्टमध्ये आणा.

कोरीपाटी
रंग बदलायला दोन फाइली आणि एक टायमर. प्लाझ्मा ६.५ मध्ये दिवस-रात्र थीम आपोआप बदलायची सोय थेट सेटिंग्जमध्ये आली, हेच मी म्हणतोय, थोडं थांबा, गरजेचं असेल ते बनवणारेच देतात. मंद_उजेड यांचं मात्र वेगळं आहे, त्यांच्या गरजेला मी 'डिफॉल्ट वापरा' म्हणणार नाही, ते वाक्य मागे घेतो. बाकी माझं मत तेच.

प्रॉम्प्टवाली
प्लाझ्मावर असाल तर टायमर लिहूच नका, लिहिलेला असेल तर काढून टाका. मी ग्नोमवर आहे, माझा टायमर राहणार.
@मंद_उजेड, जीडीएमच्या फाइलीत कर्सर-साइजसुद्धा टाका, आणि लॉगिन स्क्रीनवर फरक पडला की नाही ते इथे नक्की लिहा.