लपवायचं काही नसेल तर कॅमेऱ्याला घाबरता कशाला? हा प्रश्नच चुकीचा आहे

कृष्णाकाठ : काल इथं एकांनी लिहिलं, "सांगलीत गल्लोगल्ली कॅमेरे लावा, ज्यांना लपवायचंय तेच ओरडतील." डोकं फिरलं वाचून. आमच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये मिरजेच्या एका दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स भाड्यानं राहायची. समोरच्यानं आपल्या दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज ग्रुपवर टाकलं, "ही अवेळी कुठनं येते?" महिन्याभरात पोरगी खोली सोडून गेली. तिनं काय लपवलं होतं? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो चोराला वेगळा आणि सज्जनाला वेगळा नसतो.

पोवईनाका : ते नऊ न्यायाधीश साताऱ्यात माझ्या आईच्या गळ्यातलं गंठण ओढलं तेव्हा नव्हते. एका किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर सापडला म्हणून चोर धरला. आई आजही एकटी देवळात जात नाही. तिच्या हक्काचं कोण बोलणार? ग्रुपवर टाकणारा माणूस नालायक, त्यात कॅमेऱ्याचा काय दोष?

कृष्णाकाठ : दोष कॅमेऱ्याचा नाहीच. फुटेज कुणाच्या हातात आहे आणि तो कुणाला जबाबदार आहे, एवढंच विचारतोय.

बेदाणा_तासगाव : तुम्ही शहरातली माणसं कॅमेऱ्यावर अडकलाय. आमच्याकडं शेडवर बेदाणा निवडणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायांच्या बोटांच्या रेघा झिजल्यात. रेशन दुकानात अंगठा उठत नाही. माझ्या चुलतीला तीनदा परत पाठवलं. सरकारला तिचा अंगठा, डोळे सगळं दिलं, आणि धान्य मागायला गेली की ती तीच आहे हे पटत नाही!

पोवईनाका : अंगठ्यामुळंच बोगस कार्डं उघडी पडली. आणि ओटीपी आहे की.

बेदाणा_तासगाव : मोबाइल पोराकडं, पोरगं कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर. ओटीपी तिकडं वाजणार आणि चुलती इकडं रांगेत. एकदा येऊन उभं राहून बघा, मग बोगस म्हणा.

पोवईनाका : मी तुमच्या चुलतीला बोगस म्हणालो नाही. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

बेदाणा_तासगाव : मग कुणाला म्हणालात? दुकानातनं परत येणारं माणूस तीच आहे.

मिरज_वायरमन : मी कॅमेरे बसवतो, म्हणून बोलतो. बहुतेक गिऱ्हाईक डीव्हीआरचा, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड कंपनीनं दिलेलाच ठेवतं. मोबाइलवर दिसलं की झालं. मी बदलून द्यायला लागलो तर म्हणतात, "लक्षात राहील असा ठेवा", म्हणजे पुन्हा १२३४५६. कुणीतरी दुसरं बघत बसलं तर यांना पत्ता नाही. आणि शेजाऱ्याच्या दाराकडं तोंड करून लावा असं सांगणारेही भेटतात. मी नाही म्हणतो, ते दुसऱ्याला बोलावतात.

कृष्णाकाठ : आणि कायदा बघा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंड लावू शकतो, पण कुणी दुसऱ्याची माहिती निव्वळ घरगुती कारणासाठी वापरत असेल तर तो लागूच होत नाही. सरकारला तर आपल्या यंत्रणा अधिसूचना काढून त्यातनं वगळता येतात. म्हणजे समोरच्या दारावरचा कॅमेरा इकडनं सुटला आणि चौकातला तिकडनं.

पोवईनाका : बरं. शेजाऱ्याच्या दारावर रोखायचा नाही आणि फुटेज पोलिसांशिवाय कुणाला द्यायचं नाही, एवढं मान्य. त्या पोरीचं वाईट झालं, तेही मान्य. पण आमच्या गल्लीतला कॅमेरा मी काढू देणार नाही. वर्गणी काढून बसवलाय.

कृष्णाकाठ : काढा म्हणालंय कोण? त्याचा पासवर्ड किती जणांकडं आहे तेवढं विचारा.

पोवईनाका : मंडळाच्या सगळ्यांकडं आहे.

बेदाणा_तासगाव : अंगठ्याचं अजून कुणी बोललं नाही.