सोलापूरच्या गव्हाला अजून लवकर निसवायला लावावे का?

मूळ मांडणी (मोहोळ):
उजनीच्या कालव्यावर ऊस तुटल्यानंतर पेरलेला गहू बहुधा डिसेंबरवर जातो आणि दाणा चिकात असतानाच त्याला फेब्रुवारीचा चटका बसतो. अशी ओंबी तळहातावर चोळून पाहिली की सुरकुतलेला, हलका दाणा निघतो. म्हणून आपल्या जिल्ह्यासाठी वाण निवडताना लवकर निसवणे, म्हणजे ओंबी लवकर बाहेर पडणे, हाच पहिला निकष असावा, असे माझे ठाम मत आहे. पीपीडी-डी1 या जनुकाच्या आधीचा डीएनएचा 2089 अक्षरांचा तुकडा गळाला की गहू दिवस मोठा होण्याची वाट न पाहता फुलतो, हे 2007 मध्ये स्पष्ट झाले. आज रोपाच्या पानावरून हे जनुक तपासता येते. मग आणखी आठ-दहा दिवस लवकर येणारा वाण मागण्यात गैर काय?

प्रतिसाद (पंढरपूर):
दुखणे आपण अचूक सांगितले, परंतु उपाय मला पटत नाही. पीपीडी-डी1चा लाभ आपण केव्हाच घेतला आहे. गहू-पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत सोनोराच्या सखल भागात आणि तोलुकाच्या उंचावर आलटूनपालटून पिढ्या वाढवल्या, त्यातून दिवसाच्या लांबीला न जुमानणारा गहू निवडला गेला, आणि 1966 मध्ये भारताने त्यातल्याच लर्मा रोहो या वाणाचे सुमारे 18,000 टन बियाणे आणले. पुढच्या बहुतेक बुटक्या वाणांत तो वारसा आहे. फुलण्यासाठी थंडीची अट घालणारे व्हीआरएन-1 हे जनुकही आपल्या गव्हात बदललेल्याच रूपात असते, म्हणून सोलापूरच्या सौम्य हिवाळ्यात तो निसवतो. आता उरली आहेत ती 1डी गुणसूत्रावरील ईएलएफ3सारखी जनुके, ज्यांचा परिणाम बहुधा मोजक्या दिवसांचा असतो.

त्या मोजक्या दिवसांचीही किंमत पडते. ओंबीत किती कणिशिका (दाणे धरणारे छोटे घोस) येणार हे ओंबी पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या फुगलेल्या आवरणात, दिसण्यापूर्वीच ठरते. तो काळ आखडला की फुटवे कमी आणि ओंबी आखूड. आपल्याकडे तापमान मुळातच वाढ पळवते, त्यात जनुकाने आणखी घाई केली तर भरायला दाणेच थोडे उरतील.

मूळ लेखक (मोहोळ):
फुटवे घटतात हे मान्य आहे, पण उशिराच्या पेरणीत हेक्टरी 125 ते 150 किलो बियाणे टाकून ती तूट बरीचशी भरून काढता येते. सरासरी तापमान एका अंशाने वाढल्यास गव्हाचे जागतिक उत्पादन सुमारे 6 टक्क्यांनी घटते, असा अंदाज आहे. कालव्याची पाळी आणि ऊसतोडीची टोळी शेतकऱ्याच्या हातात नाही. वाण निवडणे तेवढे हातात आहे.

प्रतिसाद (बार्शी):
उष्णतेपासून निसटणे आणि उष्णता सोसणे हे वेगळे गुण आहेत, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सुटली आहे. निफाडच्या संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू 34 हा वाण उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला आहे. त्याची परीक्षा केवळ निसवण्याच्या तारखेवर करू नये, वरचे पान किती दिवस हिरवे राहते तेही पाहावे.

प्रतिसाद (पंढरपूर):
हे मला मान्य आहे. मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणाऱ्यांना अतिलवकर वाणाची शिफारस करण्यास माझा विरोध कायम आहे, कारण थंडीचे जे थोडे आठवडे आपल्या वाट्याला येतात ते फुटव्यांसाठी वापरायचे असतात.