एफएमवाल्यांनी गाण्याचं नाव आधी फोडू नये

सेक्रेटरी: काल रात्री ग्रुपवर जे झालं त्याबद्दल. शनिवारी ९ ते १० क्लासिक रॉकचा कार्यक्रम अर्धी सोसायटी ऐकते, म्हणून त्या तासात ग्रुपवर गाण्यांच्या गप्पा चालतात आणि मी काणाडोळा करतो. पण लागलेल्या गाण्याचं नाव ग्रुपवर आधी कोण टाकतो, त्या 'गाणं ओळखा' खेळावरून हमरीतुमरी नको. ज्याला जे बोलायचंय ते आज बोलून घ्या.

बी-२०४: मग मीच सुरुवात करते. ए विंग दर शनिवारी जिंकते. त्यात कान किती आणि रेडिओ किती, ते एकदा कळू द्या.

ए-३०२: ताई, 'स्मोक ऑन द वॉटर' ओळखायला काय लागतं? पहिले चार सूर पुरे.

बी-२०४: काका, ते मान्यच. पण तुमचं उत्तर ग्रुपवर पडलं तेव्हा माझ्या फोनवर अजून जाहिरात चालू होती! सूर येण्याआधीच नाव. मी खेळायचं काय?

ए-३०२: 😄

सी-५०१: ताईंचं बरोबर आहे. काका ट्रान्झिस्टरवर ऐकतात, आपण ॲपवर. एफएमची लहर टॉवरवरून निघाली की लागलीच घरात. ॲपचं तसं नसतं. आधी आवाज दाबून लहान करायचा, त्याचे तुकडे करून सर्व्हरवर चढवायचे, मग आपला फोन त्यातले काही तुकडे आधीच साठवून ठेवतो, म्हणजे मध्ये नेट अडखळलं तरी गाणं तुटत नाही. या सगळ्यात अर्धा मिनिट सहज जातो, कधी जास्तही. शिवाय प्रत्येक फोनचा उशीर वेगळा.

ए-३०२: म्हणजे मी तुम्हाला भविष्य सांगतोय म्हण की.

सी-५०१: तुम्ही वर्तमानात आहात काका. आम्हीच मागे राहिलोय.

ए-१०३: आमच्याकडे दोन्ही चालू असतं. आत ह्यांचा रेडिओ, बाहेर लेकाचा लॅपटॉप. दोन खोल्यांच्या मधे उभं राहिलं की एकीकडे गिटारचा सोलो संपत आलेला आणि दुसरीकडे गायकाने अजून तोंड उघडलेलं नसतं. डोकं उठतं.

बी-४०३: माझी तक्रार वेगळीच आहे. काल साडेनऊच्या सुमारास माझं स्टेशनच सरकलं. आधी खरखर, मग कोणीतरी बोलतंय, मग एकदम व्हायोलिनं, मग लांबून बारीकशी गिटार. मी एरियल फिरवलं, चकती फिरवली, तर होतं नव्हतं तेही गेलं. परत लागेपर्यंत गाणं अर्धं संपलेलं. बाकी कोणाकडे असं झालं का?

ए-३०२: अहो काकू, सगळ्यांकडे झालं! ते गाणंच तसं सुरू होतं. पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर', १९७५. कोणीतरी रेडिओची चकती फिरवतंय असा आवाज मुद्दाम सुरुवातीला घातलाय. डेव्हिड गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून तो रेकॉर्ड केला होता. तुम्ही ऐकलीत ती व्हायोलिनं म्हणजे चायकोव्हस्कीची चौथी सिंफनी, स्टेशन बदलताना क्षणभर लागलेली.

बी-४०३: आणि ती बारीक गिटार?

ए-३०२: तीही ठरवूनच. पहिली गिटार अशी पातळ केलीय की वाटावं, छोट्या रेडिओतून येतेय. मग दुसरी गिटार भरदार आवाजात, अगदी कानाशी येते. म्हणजे कोणीतरी खोलीत बसून रेडिओबरोबर आपली गिटार छेडतंय. दुसरी सुरू होण्याआधी तिथे एक खाकरल्याचा आवाजही आहे. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

बी-४०३: निवेदकाने आधी सांगायला नको का? मी एरियल मोडायच्या बेतात होते.

सी-५०१: काकू, सांगितलं असतं तर गंमतच गेली असती. आणि हे गाणं रेडिओवर जितकं फसवतं तितकं दुसरीकडे कुठेच फसवत नाही. फोनवर आपण नाव बघून लावतो, मग खरखर आली तरी कोण दचकणार?

ए-१०३: लेक विचारतोय (त्याला ग्रुपवर घेतलेलं नाही म्हणून मी टाइप करतेय), की यादी करून हवी ती गाणी हवी तेव्हा ऐकता येतात, तर आठवडाभर वाट बघून दुसऱ्याच्या आवडीचं का ऐकायचं?

बी-२०४: त्याला सांग, आपल्या यादीत आपल्याला माहीत असलेलंच येतं. आणि तो निवेदक लांब गाणं लावतो तेव्हा मधे तोंड घालत नाही, हे मला फार आवडतं. परवा लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' पूर्ण लावलं, ८ मिनिटं.

ए-३०२: ८ मिनिटं २ सेकंद. आणि हे गाणं अमेरिकेत सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याची वेगळी तबकडी म्हणून, काढलंच नव्हतं. १९७१चा अल्बम विकत घ्या, नाहीतर रेडिओला कान लावून बसा. लांब गाणी रेडिओवर आली कशी, तोही एक किस्साच आहे. आधी सगळा कारभार एएमवर, म्हणजे एफएमच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या रेडिओवर, आणि साधारण तीन मिनिटांपलीकडचं गाणं म्हणजे स्टेशनवाल्यांच्या कपाळावर आठी. एफएम असून नसल्यासारखं, कारण मालक एएमचाच कार्यक्रम तिकडे जोडून द्यायचे. १९६०च्या दशकात तिथल्या सरकारी नियामकाने मोठ्या शहरांसाठी नियम केला, की निम्म्यापेक्षा जास्त वेळ तोच कार्यक्रम एफएमवर चालणार नाही. झालं! तासन्‌तास मोकळे पडले, ऐकणारे थोडे, जाहिराती त्याहून थोड्या. मग ज्याला जे आवडतं ते लावू दे म्हणाले. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स स्टेशनवर टॉम डोनाह्यू या निवेदकाने अल्बममधली लांबलचक गाणी लावायला सुरुवात केली आणि बघता बघता ती पद्धतच पडली. एका नियमामुळे पुढचं अर्धं रॉक रेडिओवर वाजलं, असं माझं मत.

सी-५०१: काका, 'अर्ध' जरा जास्त होतंय.

ए-३०२: बरं, पाव.

ए-१०३: लेक म्हणतोय, 'स्टेअरवे'ची सुरुवात रेडिओवर मोठी ऐकू येते, फोनवर एकदम हळू. ते का?

सी-५०१: हुशार आहे, घ्या त्याला ग्रुपवर. स्टेशनवर प्रोसेसर असतो, तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा आवाज दाबतो. गाडीत, रहदारीत ऐकणाऱ्याला सोय व्हावी आणि चकती फिरवताना आपलं स्टेशन दणदणीत लागावं, म्हणून. पण त्या गाण्यात सुरुवातीला नुसती गिटार आणि बासरीसारखे रेकॉर्डर आहेत, ड्रम येतात चार मिनिटं उलटून गेल्यावर. सगळी करामत त्या चढण्यातच. रेडिओवर ती चढण सपाट होते. यात मी फोनच्या बाजूने.

ए-३०२: आणि मी एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या. पण माझी खरी तक्रार निवेदकाबद्दल आहे. त्याने 'हार्टब्रेकर' लावलं आणि संपल्याबरोबर जाहिरात! लेड झेपलिनच्याच १९६९च्या अल्बममध्ये 'हार्टब्रेकर' कापल्यासारखं थांबतं आणि श्वास घ्यायच्या आत 'लिव्हिंग लव्हिंग मेड' सुरू होतं. रेडिओवाले पूर्वापार ही दोन जोडूनच लावतात. आमचा पाय ठेका धरून तयार, आणि कानावर काय, तर गृहकर्ज.

बी-२०४: 😂 ती जाहिरात मला अर्ध्या मिनिटाने आली काका. तुम्ही चिडलेले आधी कळलं, कारण नंतर कळलं.

सेक्रेटरी: लिफ्टच्या देखभालीसाठी उद्या ११ ते १ लिफ्ट बंद राहील, हे मधेच सांगून घेतो. आता मुद्द्यावर या. खेळाचं काय करायचं?

सी-५०१: सोपं आहे. उत्तर ग्रुपवर टाकायचंच नाही. प्रत्येकाने सेक्रेटरींना वेगळं पाठवायचं, त्यांनी दहा वाजून गेल्यावर सगळी उघडायची. आधी कोणी पाठवलं ते बघायचं नाही, बरोबर कोणाचं तेवढंच बघायचं.

ए-३०२: मग चुरस ती काय राहिली?

बी-२०४: तुम्हाला चुरस हवी तर तुम्हीही ॲपवर या.

ए-३०२: ॲपवर नाही येणार. वेगळं पाठवतो.

सेक्रेटरी: ठरलं. कार्यक्रमात निवेदक गाण्याचं नाव सांगतो, त्यानंतर आलेलं उत्तर बाद.

सी-५०१: पण साहेब, ते नाव सांगणंही आम्हाला उशिराच ऐकू येतं. 'त्यानंतर' म्हणजे कोणाच्या त्यानंतर? तुमच्याकडे काय आहे, रेडिओ की ॲप?

सेक्रेटरी: माझ्याकडे रेडिओ आहे. ॲपवाल्यांना एक मिनिट जास्त धरतो.

ए-३०२: वा! म्हणजे त्या मिनिटात मी खिडकीतून ओरडलो तर?

बी-२०४: काका!!

ए-१०३: एक शंका. क्वीनची 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' जोडून लावतात. १९७७ साली एकाच सिंगलवर आली ना ती? लेक विचारतोय, गुण एक की दोन?

सेक्रेटरी: दोन्ही नावं लिहिलीत तर दोन.

ए-३०२: आणि पहिलं लावून तो पुन्हा जाहिरातीला गेला तर?

सेक्रेटरी: तर एकच, आणि तक्रार स्टेशनकडे करायची, माझ्याकडे नाही.