डाय हातातली, पद मात्र पदवीचे

भोसरीकर:
औंधच्या आयटीआयमधून फिटर झाल्यावर मी भोसरी एमआयडीसीतील एका प्रेस शॉपच्या (पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या कारखान्याच्या) टूलरूममध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो आणि तेव्हापासून तेथेच डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या व आकार देणाऱ्या साच्यांची, दुरुस्ती करतो. टूलरूम इन्चार्जची जागा रिकामी झाली, तेव्हा ती प्रेसवर कधीही उभ्या न राहिलेल्या बी.ई. मुलाला मिळाली, डायच्या ट्रायलच्या (चाचणीच्या) वेळी मात्र शेवटचा शब्द माझा असतो. त्या मुलावर माझा राग नाही. अनुभवाला वजन यावे म्हणून काय करावे, एवढेच विचारायचे आहे.

निवृत्त प्लांट मॅनेजर:
तुमचे ज्ञान व्यवस्थापनाला दिसत नाही, ही खरी अडचण आहे. पार्टला एकाच बाजूने बर (कापलेल्या कडेला उरणारी धारदार कोर) येत असेल, तर पंच (वरून पत्रा कापणारा भाग) आणि डायचे अलाइनमेंट सरकले आहे किंवा त्यांना सरळ रेषेत ठेवणारा गाइड पिलर झिजला आहे, आणि बर चहूबाजूंनी सारखा येत असेल, तर कडा बोथट झाल्या आहेत किंवा पंच आणि डायमधला क्लिअरन्स (फट) वाढला आहे, हे तुम्ही पार्टवर बोट फिरवून सांगाल; पण रिपोर्टमध्ये फक्त 'डाय दुरुस्त केली' एवढेच लिहिले जाते. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये कारण लेखी द्यावे लागते आणि ते लिहिणारा माणूस वर जातो. तुमची कारणमीमांसा यापुढे तुमच्याच नावाने लिहा.

तंत्रनिकेतनातील अध्यापक:
वरील सल्ला योग्य आहे, परंतु पगाराची श्रेणी शिक्षणाला बांधलेली असेल, तर नुसत्या रिपोर्टने ती हलणार नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पुढे डिप्लोमावरून पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतील वर्गांना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आहे. आपल्या शिफ्टशी वेळ जुळते का, ते आधी पाहा.

चाकणचा बी.ई.:
मी त्या मुलाच्या जागी होतो, म्हणून लिहितो. बॉयलर चालवण्यासारख्या कामाला कायद्यानेच प्रमाणपत्र लागते, तेथे वाद नाही. टूलरूम इन्चार्जला तशी सक्ती नाही; ती अट कंपनीने स्वतः घातलेली असते आणि म्हणून ती बदलताही येते. पगारवाढीच्या बैठकीत ही गोष्ट स्पष्ट मांडा, आणि ट्रायलच्या नोंदी सोबत न्या.

भोसरीकर:
डिप्लोमाची चौकशी करतो. रिपोर्ट मात्र उद्यापासूनच लिहायला घेतो.