कोकणच्या दमट उन्हाळ्यात टिकेल आणि परवडेल असा पुरुषांसाठीचा सुगंध कोणता?

प्रश्न (रत्नागिरी)

सप्रेम नमस्कार. मी पावसजवळच्या एका गावातून रोज दुचाकीने रत्नागिरीला येतो आणि एका पतसंस्थेत रोखपालाच्या खिडकीवर दिवसभर बसतो. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आणि सुगंध फवारून साडेआठला निघालो, तरी शहरात पोहोचेपर्यंत पाठ भिजलेली असते आणि अकरा वाजेपर्यंत सुगंधाचा मागमूसही उरत नाही. गॅसचे तीन-चार बॉडी स्प्रे वापरून झाले. त्यानंतर एका दुकानदाराने ‘हा दिवसभर हलणार नाही’ असे सांगून एका महागड्या परदेशी परफ्यूमची नक्कल दिली. ती खरोखरच टिकली, परंतु इतकी गोड आणि जड होती की मे महिन्यात शेजारच्या टेबलावरील ताईंचे डोके दुखू लागले आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले.

माझी मर्यादा हजार रुपयांची आहे आणि तेवढ्यात तीन-चार महिने निभावेत अशी अपेक्षा आहे. इथल्या हवेत टिकेल, तरीही खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला टोचणार नाही, असा सुगंध कोणता? बाटलीवरील ‘ओ द त्वालेत’ आणि ‘ओ द पार्फ्यूम’ या शब्दांना किती महत्त्व द्यावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (चिपळूण)

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ओ द त्वालेतमध्ये सुगंधी द्रव्यांचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्के आणि ओ द पार्फ्यूममध्ये १५ ते २० टक्के असते. उरलेला भाग मुख्यतः अल्कोहोलचा. मात्र प्रमाण अधिक म्हणजे टिकाऊपणा अधिक, हे समीकरण नेहमी जुळत नाही. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या वासाचे रेणू लहान आणि चटकन उडणारे असतात. वाळा, चंदन, देवदार आणि कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्ये यांचे रेणू जड असतात आणि सावकाश उडतात. म्हणून लिंबूवर्गीय वासावर उभे असलेले ओ द पार्फ्यूम दुपारपर्यंत संपू शकते आणि वाळ्याचा तळ (शेवटपर्यंत उरणारा वास) असलेले साधे ओ द त्वालेत संध्याकाळपर्यंत रेंगाळू शकते. दुकानात मनगटावर फवारल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जो वास येतो तो पाहून बाटली कधीही घेऊ नका. बाजारातली इतर कामे आटोपून दोन तासांनी पुन्हा हुंगा. तुम्हाला दिवसभर सोबत करणार आहे तो हा दुसरा वास.

आता आपल्या हवेविषयी. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यातही पारा बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपासच असतो. नागपूरच्या मानाने हे काहीच नाही. परंतु तिकडे घाम आला तरी वाळतो, इथे तो अंगावरच राहतो. ओल्या त्वचेवरचा सुगंध घामात मिसळतो आणि आपण रुमालाने मान पुसली की त्याच्याबरोबर निघून जातो. त्वचा कोरडी असेल तर आधी व्हॅसलिन लावून वर परफ्यूम फवारावे, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो थंड, कोरड्या हवेच्या देशांतून आलेला आहे आणि आपल्याकडे त्याने केवळ चिकटपणा वाढतो.

त्यामुळे खर्चाचा पहिला भाग घामावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. त्यावर त्वचेवरील जिवाणूंची प्रक्रिया झाली की काखेत दुर्गंधी निर्माण होते. गॅसचा बॉडी स्प्रे घाम थांबवत नाही, त्यावर काही काळ वासाचे पांघरूण घालतो, आणि त्या डब्यातला मोठा भाग तर गॅसच असतो. ज्यावर ‘अँटीपर्स्पिरंट’ असे लिहिलेले असते, त्यात घामाची रंध्रे तात्पुरती बुजवणारे ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते रात्री झोपण्यापूर्वी, काख पूर्ण कोरडी करून लावावे, कारण त्या वेळी घाम कमी असतो आणि क्षार जागेवर बसतात. तुरटीचा खडाही याच कुळातला आहे आणि काही रुपयांत मिळतो.

बाटलीच म्हणाल, तर टायटनच्या ‘स्किन’ मालिकेतल्या लहान बाटल्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे नापसंत ठरल्यास नुकसान थोडे होते. ‘नॉटिका व्हॉयेज’ हा २००६ सालचा, हिरव्या सफरचंदाचा भास देणारा, पाणीदार वास उकाड्यात कोणालाही त्रास देत नाही. मात्र मोठी बाटली तुमच्या मर्यादेत बसवायची तर सवलतीची वाट पाहावी लागेल. १९८८ साली आलेल्या ‘डेव्हिडॉफ कूल वॉटर’नंतर या ताज्या, पाणीदार वासांची लाट आली आणि आज अनेक भारतीय कंपन्या त्याच धाटणीचे सुगंध स्वस्तात देतात. नाव कोणतेही असो, वर्णनात तळाशी वाळा, देवदार किंवा कस्तुरी आहे का, ते पाहा. व्हॅनिला, कॅरॅमल, ऊद आणि अंबर यांचे दाट मिश्रण मात्र डिसेंबरातल्या लग्नासाठी राखून ठेवा.

उत्तर २ (वेंगुर्ले)

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण वाळ्याचे नाव आले आणि अत्तराचे आले नाही, याचे वाईट वाटले. आमच्या घरी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असते आणि कपड्यांच्या ट्रंकेत सुकलेली बकुळीची फुले. फुले काळपट पडली तरी त्यांचा वास जात नाही. सुरंगीचे वळेसार (गजरे) दाराशी विकायला येतात तेव्हा अख्खी गल्ली दरवळते. ज्या मातीत अशी सुगंधाची जाण आहे, तिथल्या माणसाने तरी फवाऱ्यालाच सुगंध समजू नये.

अत्तरात अल्कोहोल नसते, त्यामुळे ते एकदम भपकन उडत नाही आणि अंगाजवळ राहते. कन्नौजमध्ये जुन्या पद्धतीने तांब्याच्या डेगीत फुले किंवा मुळे उकळतात, वाफ बांबूच्या नळीने पाण्यात ठेवलेल्या भपक्यात (अरुंद तोंडाच्या भांड्यात) जाते आणि तिथे चंदनाच्या तेलात मुरते. चंदन महागल्यामुळे आज स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिनसारखी गंधहीन तेले वापरतात, हे लक्षात ठेवावे. खस म्हणजे आपला वाळाच; त्याचे शुद्ध ‘रूह खस’ तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाही. शंभर-दोनशे रुपयांत कोणी ते देत असेल तर ते मिश्रणच समजावे. पण विश्वासाच्या दुकानातले चांगले मिश्रणही वाईट नसते. खसाच्या अत्तराची लहान कुपी थेंब-थेंब वापरली तर महिनोन्‌महिने पुरते.

लावण्याची पद्धतही आपल्याकडे होतीच. आजोबा कानाच्या पाळीतल्या खळगीत अत्तराचा फाया ठेवत. तिथे घाम कमी येतो, रुमाल फिरत नाही, आणि वास नाकाजवळ असूनही मंद राहतो. पांढऱ्या शर्टावर मात्र अत्तर लावू नये; तेलाचा डाग सहज निघत नाही.

उत्तर ३ (मालवण)

मी परिचारिका आहे, त्यामुळे समोरच्या माणसाच्या बाजूने दोन शब्द लिहिते. तुमच्या ताईंना झालेला त्रास खरा आहे. अर्धशिशी असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना उग्र वास सहन होत नाही, आणि खिडकीसमोरच्या माणसाला बाजूलाही सरता येत नाही. दोन फवारे पुरेत.

तुमचा खरा घोटाळा मला वेळेचा वाटतो. दादा, तुम्ही घरी सुगंध लावता आणि मग ऊन-वाऱ्यातून इतके अंतर येता. तो उडणारच! कार्यालयात पोहोचा, ओल्या टॉवेलने मान आणि काखा पुसा, पंख्याखाली दहा मिनिटे बसून कोरडे व्हा, बनियन बदला आणि मगच शर्टाच्या आतून छातीवर फवारा. उघड्या मानेवर फवारून उन्हात जाऊ नये. बर्गमॉटच्या तेलातील एका घटकामुळे ऊन लागलेल्या त्वचेवर काळे डाग पडू शकतात. पाच-दहा मिलिलिटरची, पुन्हा भरता येणारी बाटली खणात ठेवा, दुचाकीच्या डिकीत नको. तिथल्या उष्णतेने परफ्यूम लवकर बिघडते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. गेले पंधरा दिवस रात्री तुरटी लावली, कार्यालयात येऊन बनियन बदलले आणि त्यानंतरच खसाचे अत्तर कानामागे लावले. काल चार वाजता मला स्वतःला काहीच वास येत नव्हता, म्हणून ताईंना संकोचत विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘येतोय की, माठातल्या पाण्यासारखा.’ आता पावसाळ्याची काळजी आहे. त्या दिवसांत हेच चालेल का?

उत्तर १ (चिपळूण)

तुम्हाला वास न येणे स्वाभाविक आहे. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते आणि त्याची नोंद घेणे थांबवते. म्हणून पुन्हा लावण्यापूर्वी दुसऱ्याला विचारण्याची ही सवय चालू ठेवा.

उत्तर २ (वेंगुर्ले)

पावसाळ्यात अत्तरापेक्षा कपड्यांकडे अधिक पाहावे लागेल. घरात दोरीवर दोन-दोन दिवस ओलसर राहिलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यावर कोणतेही अत्तर चालत नाही; उलट दोन्ही वास मिसळून अधिक वाईट लागतात. पॉलिएस्टरचा शर्ट लवकर वाळतो खरा, पण घामाचा वास सुतापेक्षा जास्त धरून ठेवतो. सुती शर्ट नीट पिळून पंख्याखाली वाळवा, किंचित ओल असताना इस्त्री फिरवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच कपाटात ठेवा. कपाटात वाळ्याची एक सुकी जुडी टाकून ठेवा. आठवड्याच्या बाजारात मिळेल.