इंग्लंडमधल्या यॉर्कजवळचा नेबर्नचा रेल्वेपूल फिरता का बांधला होता?

सायकलवाली:
यॉर्क-सेल्बी सायकलवाटेवर उझ नदीवरचा हा लोखंडी पूल लागतो. वर तारेचा एक मच्छीमार बसवलाय, त्याच्या गळाला चक्क आगगाडी लागलीय! दर रविवारी मी तिथे थांबते. पुलाचा एक गाळा पूर्वी आडवा फिरून बाजूला व्हायचा म्हणे. एवढा खटाटोप कशाला? उंच पूल का नाही बांधला?

रूळवेडा:
कारण तिथे सगळं सपाट आहे. पूल 15 मीटर उंच न्यायचा आणि चढ शंभराला एक ठेवायचा, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड किलोमीटर भराव घालावा लागतो. आणि खाली ठेवला तर यॉर्कला जाणाऱ्या जहाजांची वाट अडते. म्हणून 1871 साली नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने फिरता गाळा बसवला. लंडन-एडिंबरा गाड्या यावरूनच धावायच्या!

जुना यंत्रवाला:
आता जमलं तर याच नदीवर गूल गावाजवळचा 1869चा फिरता रेल्वेपूल बघा. माझा जीव त्यात अडकलाय. अभियंता टॉमस हॅरिसन, यंत्रं आर्मस्ट्राँगच्या कारखान्याची. फिरणारा गाळा 250 फूट लांब, वजन 670 टनांच्या आसपास. एवढं धूड हलवायला लागणारी ताकद आधीच साठवून ठेवलेली असे. वाफेचा पंप पाणी दाबून एका नळकांड्यात भरायचा, त्यावरचं जड वजन हळूहळू वर चढायचं. जहाज आलं की झडप उघडायची. वजन खाली येताना पाण्याला रेटायचं आणि त्या दाबावर गाळा वळायचा. इंजिन लहान असलं तरी चालायचं, ही त्यातली खरी अक्कल. या पुलाला जहाजांच्या धडकाही बसल्या. 1988च्या धडकेनंतर लाइन कित्येक महिने बंद होती.

सायकलवाली:
वजन उचलून ठेवायचं, हे आत्ता नीट कळलं. मग नेबर्नचा थांबला कधी?

रूळवेडा:
1967मध्ये तो रुळांच्या रेषेत कायमचा पक्का केला, गाळा फिरवणाऱ्याची वरची केबिनही काढली. पुढे सेल्बीखाली कोळशाच्या खाणी निघणार होत्या. जमीन खचली तर वेगवान गाड्यांचं काय, म्हणून 1983मध्ये मुख्य मार्गच दुसरीकडून नेला. तुमची सायकलवाट म्हणजे तो सोडलेला मार्ग. त्याच वाटेने सेल्बीला पोहोचलात की 1891चा फिरता पूल दिसेल. त्यावरून अजून गाड्या जातात.

सायकलवाली:
या रविवारी सेल्बीपर्यंत जातेच. गूलला त्याच्या पुढच्या रविवारी.