वाचनालयाने व्याख्यानमाला करावी की पुस्तकं घ्यावीत?

देवघेव:
आमचं वाचनालय तालुक्याच्या गावी, शासनाच्या वर्गवारीत ‘ब’ वर्ग. मी सहा वर्षं कार्यकारिणीत आहे. जानेवारीतल्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेवर मंडप, ध्वनिक्षेपक, मानधन, प्रवासखर्च, शाल-श्रीफळ धरून ३२ हजार गेले. शेवटच्या दिवशी १०० खुर्च्यांपैकी २७ भरल्या, त्यात ११ जण आम्हीच. त्याच वर्षी नवी पुस्तकं आली १८ हजारांची. वर माळ्यावरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं कानात बोळे घालून बसली होती, ते वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे, व्याख्यानमाला बंद करावी.

उंबरठा:
साफ असहमत. वाचनालय म्हणजे पुस्तकांचं गोदाम नव्हे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती लोकांना ऐकायची आणि विचार करायची सवय लागावी म्हणून. मी नववीत असताना आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात उभं राहून पहिलं व्याख्यान ऐकलं. आत जायचा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी वडिलांकडून अनामत रकमेचे पैसे घेऊन सभासद झालो. २७ माणसं आली म्हणता, त्यात असा एखादा मुलगा नसेलच कशावरून?

टेबलामागून:
मी ग्रंथपाल आहे, म्हणून राहवत नाही. १२ ऑगस्टला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येकाचा फोटो, अहवाल, कात्रण. त्या दिवशी देवघेव बंद आणि वाचक पायरीवरून परत. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांचं चौथं सूत्र आम्ही त्यांच्याच जयंतीला मोडतो, याचं मला वाईट वाटतं.

पण सगळंच बंद करा असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे शनिवारी गोष्टीचा तास असतो. सतरंजी, पंधरा-वीस मुलं, माईक नाही. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. मी मुद्दाम गोष्ट अर्ध्यावर सोडली, तर तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन थांबली, “पुढचं कुठल्या पुस्तकात आहे?” प्रत एकच होती. महिन्याभरात ते पुस्तक इतक्या हातांतून फिरलं की शिवण सुटली, डिंक लावून पुन्हा दिलं. खर्च काय, तर डिंकाची बाटली.

उंबरठा:
ग्रंथपालबाई, तुमचा तास मोलाचाच. पण सतरंजीवरच्या कार्यक्रमाला देणगीदार येत नाहीत हो! आमच्याकडे व्याख्यानाला आलेल्या एका गृहस्थांनी तीन कपाटं दिली. अनुदानाचा हप्ता मार्चमध्ये येणार असेल तर तोवर वाचनालय चालतं ते अशाच माणसांवर. वक्ते चुकीचे निवडले असतील तर निवड सुधारा, परंपरा कशाला मोडता?

देवघेव:
कपाटं मिळाली, त्यांत ठेवायला पुस्तकं कुठून आणायची? माझा विरोध कायम आहे. तरी देणगीदारांचा मुद्दा मला खोडता येत नाही, म्हणून रविवारच्या सभेत ठराव थोडा बदलून मांडतो: तीनऐवजी एकच दिवस, मंडप न घालता शाळेच्या सभागृहात. वाचतील त्या पैशांतून बालविभागाची पुस्तकं, एकेकाच्या चार-चार प्रती. ग्रंथपालबाई, त्या मुलीने मागितलेल्या पुस्तकाचं नाव कळवा.